रॅचेट गेले म्हणून गोट्यांची पेटी टाकू नका

घरची अवजारपेटी



वाफसा यायला आणि रोटाव्हेटरची पाती ढिली व्हायला नेहमी एकच गाठ पडते. अशा वेळी पेटी उघडावी, नटावर गोटी बसवावी, रॅचेटची मूठ ओढावी, तर आतून नुसती करकर! नट जागचा हलत नाही आणि रॅचेट मात्र दोन्हीकडे मोकळे फिरते. मग घरातले कोणीतरी म्हणते, “ही पेटीच गेली. बाजाराच्या दिवशी नवी आणू.”

थांबा. पेटी गेलेली नसते. गेलेले असते फक्त रॅचेट. गोटी म्हणजे पोलादाचा एक तुकडा. तिच्यात हलणारे, झिजणारे असे फारसे काही नसते. नीट वापरलेली गोटी बापाकडून मुलाकडे जाते. जोडदांडा, म्हणजे एक्स्टेंशन, तसाच. पेटीत दाते, खटका आणि स्प्रिंग असलेली वस्तू एकच, ती म्हणजे रॅचेट. सगळा भार तीच सोसते, म्हणून सर्वांत आधी तीच दमते. वीस-बावीस चांगल्या गोट्या घरात असताना एका मुठीसाठी पूर्ण पेटीचे पैसे मोजणे म्हणजे चाकाची धाव झिजली म्हणून बैलगाडी विकण्यासारखे आहे. हार्डवेअरच्या दुकानात रॅचेट सुटे मिळते. ते कसे निवडावे, हे आज पाहू या.

आधी उघडून पाहा

करकर करणारे प्रत्येक रॅचेट मेलेले नसते. पुष्कळदा आत माती, भुसा आणि वाळलेले ग्रीस बसलेले असते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये चाक एका बाजूला पकडते आणि दुसऱ्या बाजूला मोकळे फिरते, तशीच रॅचेटची रचना असते. आत एक दातेरी चाक, त्याच्या दात्यांत अडकणारा खटका आणि खटक्याला मागून दाबणारी बारीक स्प्रिंग. घाणीमुळे खटका पुरता पुढे आला नाही की तो दात्यांच्या टोकावर टेकतो, जोर लावताच घसरतो.

रॅचेटच्या डोक्यावर दोन-तीन स्क्रू किंवा एक वाटोळी कडी असते. जुनी परात घ्या, तीत पांढरे फडके पसरा आणि परातीतच रॅचेट उघडा. भाकरीची परात घेऊ नका, नाहीतर रॅचेटच्या आधी घर दुरुस्त करावे लागेल! आतली स्प्रिंग लहान असते आणि तिच्यासोबत कधी छोटी गोळीही असते. झाकण निघताच ती उडते आणि अंगणात पडली तर पुन्हा सापडत नाही. कोणता भाग कोणत्या बाजूने होता हे ध्यानात ठेवा. घरातल्या मुलाकडून मोबाईलवर एक फोटो काढून घेतला तर उत्तमच.

सगळे भाग डिझेलने धुवा, जुन्या ब्रशने दाते घासा, फडक्याने कोरडे करा. मग उजेडात धरून दाते पाहा. दात्यांच्या कडा सरळ आणि धारदार असतील तर तुमचे रॅचेट जिवंत आहे. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब किंवा ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि बंद करा. बेअरिंगमध्ये भरतो तसे ग्रीस ठासून भरू नका. थंडीच्या सकाळी ते घट्ट होते, खटका आळशी होतो आणि दाता सुटतो. चांगली रॅचेटे बिघडण्याचे हेही एक कारण आहे.

दात्यांच्या कडा गोल झाल्या असतील, खटक्याचे टोक तुटले असेल, तर दुकानदाराला त्या कंपनीचा दुरुस्ती-संच मिळतो का, ते आधी विचारा. काही कंपन्या चाक, खटका आणि स्प्रिंग सुटे विकतात. संच मिळत नसेल तर नवे रॅचेट घ्यायला हरकत नाही. डोक्याला चीर गेली असेल किंवा चौकोनी टोक पिळले असेल, तर मात्र संचाच्या भानगडीत पडू नका.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा. तुटलेले टोक किंवा खटका वेल्डिंग करून आणू नका. या भागांना पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरते. जोड वरून भक्कम दिसतो आणि ऐन जोरात दगा देतो. तेव्हा समोर तुमची बोटे असतात.

चौकोनी टोक किती सुताचे?

नवे रॅचेट घ्यायला निघताना जुने रॅचेट आणि दोन गोट्या पिशवीत टाकून न्या. रॅचेटचे चौकोनी टोक गोटीच्या चौकोनी भोकात बसते. त्या टोकाचे माप जुळले नाही तर बाकी सगळे व्यर्थ.

हे माप आजही इंचातच चालते. गोटीचे तोंड मिलिमीटरचे असले तरी मागचे चौकोनी भोक इंचाचेच. आपल्या गावभाषेत सांगायचे तर दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत, चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच आणि आठ सूत म्हणजे पूर्ण इंच. मिलिमीटरच्या पट्टीने मोजले तर ही मापे सुमारे ६.३, ९.५, १२.७, १९ आणि २५.४ भरतात. काही खोक्यांवर इंचांऐवजी ६.३, १०, १२.५, २० आणि २५ असे आकडे असतात. ते पाहून गोंधळू नका. १० म्हणजे आपले तीन सूत, १२.५ म्हणजे चार सूत आणि २० म्हणजे सहा सूत.

कोणते टोक कोणत्या कामाला? पाव इंची टोक फवारणी पंपाचे छोटे नट, पत्र्याचे स्क्रू, स्टार्टरच्या पेटीतली कामे यांसाठी. तीन सुताचे टोक मोटारसायकल आणि लहान इंजिनासाठी. अर्ध्या इंचाचे टोक ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, पंपाचे फौंडेशन बोल्ट अशा शेतीच्या बहुतेक कामांसाठी. पाऊण इंची टोक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारख्या अवजड कामासाठी.

इथे एक हिशेब मनात पक्का करा. पोलाद तेच असेल तर चौकोनी टोकाची पिळ सोसण्याची ताकद त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. जाडी दुप्पट झाली की ताकद आठपट होते. म्हणून तीन सुताचे टोक चार सुताच्या टोकापेक्षा दिसायला थोडेच बारीक असले, तरी त्याची ताकद निम्म्याहूनही कमी भरते. उलट सहा सुताचे टोक चार सुताच्या तिपटीपेक्षा जास्त पिळ सोसते. अॅडाप्टर लावून तीन सुताच्या गोट्या अर्ध्या इंचाच्या लांब मुठीवर चालवता येतात खऱ्या, पण मूठ मोठी आणि टोक बारीक असले की आपला हात टोकाची मर्यादा विसरतो. अशी जोडणी हलक्या कामापुरतीच ठेवा.

घरात एकच रॅचेट ठेवायचे असेल तर ते अर्ध्या इंचाचे ठेवा. दुसरे घेता आले तर तीन सुताचे घ्या. पाव इंचाचे घाईने घेऊ नका. त्याची बरीचशी कामे साध्या टी-पान्याने होतात.

दाते जास्त चांगले की कमी?

दुकानदार सांगेल, “हे ७२ दात्यांचे आहे, एकदम भारी.” दात्यांचा आकडा म्हणजे काय, ते समजून घ्या. खटका एका दात्यावरून दुसऱ्या दात्यावर जाण्यासाठी मूठ किती मागे न्यावी लागते, हे त्या आकड्यावर ठरते. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. २४ दाते असतील तर एका दात्यासाठी १५ अंश, ३६ असतील तर १० अंश, ७२ असतील तर ५ अंश.

अंश सोडा, सेंटीमीटरमध्ये पाहू. अर्ध्या इंचाच्या रॅचेटची मूठ साधारण १० इंच, म्हणजे २५ सेंटीमीटर लांब असते. २४ दात्यांच्या रॅचेटला मुठीचे टोक सुमारे साडेसहा सेंटीमीटर मागे न्यावे लागते, तेव्हा एक दाता पुढे सरकतो. ३६ दात्यांना सुमारे साडेचार सेंटीमीटर लागतात. ७२ दात्यांना सव्वादोन सेंटीमीटरही पुरतात. उघड्यावर, मळणी यंत्राच्या चाकावर काम असेल तर हा फरक जाणवतही नाही. पण पंप भिंतीला लागून बसवलेला असेल किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी चार बोटे जागा असेल, तर २४ दात्यांचे रॅचेट नुसते अडून बसते आणि ७२ दात्यांचे काम करून जाते.

मग ७२ च घ्यावे का? तसेही नाही. दाते वाढले की प्रत्येक दाता लहान होतो. चांगल्या बनावटीत खटका रुंद ठेवतात, त्यामुळे एकाच वेळी अनेक दाते पकडतात आणि ताकद टिकते. हलक्या मालात मात्र दाते बारीक आणि खटकाही अरुंद असतो. शिवाय बारीक दात्यांत मातीचा एक कण गेला तरी पकड सुटते. आपले काम काही काचेच्या कारखान्यात नसते. ते धुळीत आणि चिखलात असते. म्हणून शेतीच्या पेटीसाठी ३६ ते ४५ दात्यांचे भक्कम रॅचेट हा मधला मार्ग. अडचणीच्या जागेतली कामे तुम्हाला रोज असतील तर ७२ चे घ्या, पण नावाजलेल्या बनावटीचे घ्या आणि स्वच्छ ठेवा.

डोके, बटण आणि मूठ

रॅचेटचे डोके दोन तऱ्हांचे मिळते, वाटोळे आणि थेंबाच्या आकाराचे. वाटोळे डोके बहुधा चांगले झाकलेले असते, त्यामुळे माती कमी शिरते. पण ते जाड असते आणि त्याची दिशा पुष्कळदा डोक्यावरची चकती फिरवून बदलावी लागते. तेलकट हाताने ती निसटते. थेंबाच्या आकाराचे डोके पातळ असते, अडचणीत शिरते आणि त्याची दिशा बदलणारी कळ अंगठ्याने सरकवता येते. शेतकऱ्याच्या हाताला कळ सोयीची. मात्र काम करताना अंगठा लागून ती आपोआप सरकत नाही ना, एवढे पाहा.

डोक्याच्या मागे एक बटण असते. ते दाबले की गोटी सुटते, नाहीतर घट्ट राहते. विहिरीवर काम करणाऱ्याने हे बटण असलेलेच रॅचेट घ्यावे. बटण नसलेल्या जुन्या रॅचेटची गोळी झिजली की गोटी निसटून सरळ विहिरीत जाते.

या बटणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते शोधले अमेरिकेतल्या पीटर रॉबर्ट्स नावाच्या तरुणाने. तो सीअर्स या मोठ्या दुकानात साधा विक्रेता होता. एका हाताने गोटी सोडता यावी म्हणून त्याने ही युक्ती काढली आणि १९६५ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. कंपनीने त्याच्याकडून हक्क लिहून घेतले ते जास्तीत जास्त १० हजार डॉलर देण्याच्या बोलीवर. पुढे ही रॅचेटे लाखोंनी खपली. आपल्याला खरी किंमत कळू दिली नाही, म्हणून रॉबर्ट्स कोर्टात गेला. ज्युरीने त्याला १० लाख डॉलर देवविले आणि वरच्या न्यायालयाने १९७८ साली तो निकाल कायम केला. अंगठा टेकण्यापूर्वी कागद वाचावा, हा धडा अमेरिकेतही तितकाच खरा.

मुठीबद्दल. रबर किंवा प्लास्टिकची मूठ हाताला मऊ लागते, पण डिझेल, ऑइल आणि ऊन यांनी ती फुगते, चिकट होते किंवा फिरू लागते. उघड्या पोलादाची, खरखरीत रेघा पाडलेली मूठ पुसली की स्वच्छ होते. शेताच्या कामाला तीच बरी. मुठीवरचा चकचकीत मुलामा निघू लागला असेल तर ते रॅचेट परत ठेवा. मुलाम्याचे पापुद्रे ब्लेडसारखे हात कापतात.

दुकानात घ्यायच्या सहा परीक्षा

नुसते चकाकते आणि जड आहे म्हणून घेऊ नका. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते. गल्ल्याजवळ उभे राहून या सहा परीक्षा घ्या. दोन मिनिटे लागतात.

एक. घरून नेलेली गोटी लावा. ती टक् आवाज करून बसली पाहिजे आणि उलटी धरून झटकली तरी पडता कामा नये.

दोन. गोटी हातात घट्ट धरा आणि मूठ पूर्ण एक फेरा फिरवा, प्रत्येक दात्यावर आवाज ऐका. आवाज सगळीकडे सारखा हवा. मध्ये एखादा आवाज दबला तर तिथे दात्याची खोट आहे.

तीन. दिशा बदला आणि हीच परीक्षा उलट बाजूने घ्या. पुष्कळ जण एकाच बाजूने पाहतात आणि घरी गेल्यावर फसतात.

चार. गोटी दोन बोटांत अगदी हलकी धरा आणि मूठ मागे न्या. गोटी मुठीबरोबर मागे येते का? फार हट्टाने येत असेल तर ढिला नट सोडवताना नटही मागेपुढे होत राहील आणि तुम्हाला दर वेळी बोटाने तो धरून ठेवावा लागेल.

पाच. चौकोनी टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित खेळ असतो, तो चालेल. पण टोक डुगडुगत असेल तर नको.

सहा. डोक्यावर स्क्रू किंवा कडी आहे का, ते पाहा. जे रॅचेट उघडता येते ते साफ करता येते. ज्याचे डोके कायमचे बंद आहे ते घाण साचली की संपले.

क्रोम व्हॅनेडियम पोलाद चांगले असते. पण तसे शब्द ठोकलेले आहेत म्हणून पोलाद तेच आहे असे नव्हे. ठसा कोणालाही मारता येतो. म्हणून कंपनीचे नाव असलेला माल, ओळखीचे दुकान आणि पक्के बिल या तिन्ही गोष्टी सांभाळा. हाती अवजारांचे कारखाने जालंधर आणि लुधियाना या भागात पुष्कळ आहेत आणि आपल्या नाशिकलाही टपारियाचा कारखाना आहे. म्हणजे देशी माल मिळत नाही, अशी काही अडचण नाही. कंपनी बदलून देण्याची हमी देते का, आणि तुटले तर कोठे न्यायचे, हे बिल हातात असतानाच विचारून घ्या. बिल पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

जुन्या बाजारात कधी उत्तम रॅचेट अगदी स्वस्त मिळते. तिथेही याच सहा परीक्षा लावा. गोट्या जुन्या घ्यायला हरकत नाही. रॅचेट जुने घ्यायचे असेल तर उघडून दाते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते.

रॅचेट मरते ते जाम नटावर

आता आजचा खरा मुद्दा. चांगले रॅचेट घेतले आणि वापरण्याची सवय जुनीच ठेवली, तर पुढच्या हंगामात पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागेल. रॅचेट हे नट झरझर फिरवण्याचे अवजार आहे. जाम नट फोडण्याचे ते अवजार नव्हे.

हिशेब पाहा. २५ सेंटीमीटरच्या मुठीवर तुम्ही ४० किलोचा जोर लावला तर नटावर पडणारा पिळ १० किलो-मीटर, म्हणजे सुमारे १०० न्यूटन-मीटर होतो. चांगले अर्धा इंची रॅचेट एवढा पिळ सहज सोसते. पण नट हलत नाही म्हणून आपण मुठीत लोखंडी पाइप घालतो आणि एक मीटर अंतरावर ६० किलोच्या माणसाला उभे करतो. आता पिळ झाला ६० किलो-मीटर. म्हणजे सहापट! आणि हा सगळा भार ज्वारीच्या दाण्याएवढ्या मोजक्या दात्यांवर येतो. दाता तुटतो, मूठ एकदम सुटते आणि पाइपावरचा माणूस तोंडावर पडतो. रॅचेट गेल्याचे दुःख नाही, दुकानात दुसरे मिळते. डोळा आणि मनगट दुकानात मिळत नाहीत.

म्हणून नवे रॅचेट घ्याल त्याच दिवशी त्याच मापाचा एक सरकता टी-दांडा किंवा लांब ब्रेकर दांडा घ्या. त्यात खटका नसतो, दाते नसतात, बिघडण्यासारखे फारसे काही नसते. काम असे करा. नटावर गंज काढणारे तेल किंवा डिझेल सोडा आणि वेळ असेल तर रात्रभर मुरू द्या. सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. मग रिंग पान्याने किंवा दांड्याने नट फोडा. ‘टक्’ झाले आणि नट हलला की दांडा काढा, रॅचेट लावा आणि बाकीचे आटे झरझर सोडवा. बसवताना याच्या उलट. रॅचेटने नट टेकेपर्यंत आणा आणि शेवटचा ताण पान्याने द्या. चाकाचे, इंजिनाच्या हेडचे नट किती ताणाने आवळायचे, ते यंत्राच्या पुस्तकात दिलेले असते. तिथे ताण दाखवणारा टॉर्क पानाच वापरावा.

अशा रीतीने वापरलेले मध्यम किमतीचे रॅचेट, पाइप घालून वापरलेल्या महाग रॅचेटपेक्षा कितीतरी जास्त टिकते. निवड दुकानात निम्मीच होते. उरलेली निम्मी शेतात होते.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासाठी अनेक जण पाऊण इंची रॅचेट घ्यायला निघतात. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी ते महाग आणि जड पडते. नाकापेक्षा मोती जड! त्याऐवजी पाऊण इंची सरकता दांडा आणि तुमच्या चाकाच्या नटाची एकच गोटी घ्या. शेजारच्या चार घरांत मिळून घेतली तरी चालेल.

इंची की एमएम?

रॅचेट बदलताना गोट्याही एकदा तपासा. जुन्या ट्रॅक्टरवर आणि जुन्या डिझेल इंजिनांवर इंची नट असतात, नव्या यंत्रांवर मिलिमीटरचे. काही मापे योगायोगाने जुळतात. पाऊण इंचाचा नट १९ च्या गोटीत बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. १५/१६ इंचाला २४ ची गोटी चालते. पण अर्ध्या इंचाच्या नटाला १३ ची गोटी किंचित सैल पडते आणि ९/१६ इंचाला १४ ची बसत नाही, १५ ची ढिली होते. ढिल्या गोटीने नटाचे कोपरे गोल होतात आणि दोष रॅचेटला दिला जातो. शक्य असेल तिथे बाराकोनी गोटीऐवजी षटकोनी गोटी घ्या. ती गंजलेल्या नटाला जास्त चांगली धरते.

हात सांभाळा

रोटाव्हेटरखाली हात घालण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करा, पीटीओ सोडवा आणि किल्ली आपल्या खिशात ठेवा. अवजार नुसते हायड्रॉलिकवर उचलून खाली शिरू नका. भक्कम लाकडी ठोकळे द्या. पंपावर काम करताना मुख्य स्विच बंद करा, फ्यूज काढून घ्या आणि घरात सांगून ठेवा.

रॅचेट शक्यतो आपल्याकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना घसरले तर बोटांची पेरे लोखंडावर आपटतात. ढकलावेच लागले तर मूठ न आवळता उघड्या तळव्याने ढकला. जोर लावण्यापूर्वी एकदा हळूच ओढून खटका नीट बसला आहे याची खात्री करा. रॅचेटने हातोडीचे काम करू नका. आणि साध्या चकचकीत गोट्या हवेच्या किंवा विजेच्या ठोके देणाऱ्या गनवर लावू नका. त्या कामाच्या जाड, काळ्या गोट्या वेगळ्या मिळतात.

काही नेहमीचे प्रश्न

प्रश्न : रॅचेट भिजले तर काय करावे?
उत्तर : त्याच दिवशी पुसून उन्हात ठेवा आणि दोन थेंब तेल द्या. चिखलात पडले असेल तर उघडून धुवा. वापरताना चिखल आत दळला जातो आणि दाते कानशीने घासल्यासारखे झिजतात.

प्रश्न : मान वाकणारे रॅचेट घ्यावे का?
उत्तर : पहिले रॅचेट म्हणून नको. वाकणारा सांधा हा आणखी एक झिजणारा भाग. अडचणीसाठी दुसरे म्हणून चालेल.

प्रश्न : लांब मुठीचे घेतले तर जोर कमी लागेल ना?
उत्तर : जोर कमी लागेल, पण हाताने पूर्वीइतकाच जोर लावला तर दात्यांवर भार वाढेल. १० इंची मूठ पुरे. लांबी हवी तिथे दांडा वापरा.

प्रश्न : जुने रॅचेट टाकून द्यावे का?
उत्तर : स्क्रू, कडी, स्प्रिंग आणि गोळी काढून डबीत ठेवा, त्याच बनावटीच्या दुसऱ्या रॅचेटला उपयोगी पडतात. उरलेले भंगारात द्या. घसरणारे रॅचेट पेटीत परत ठेवू नका. घाईच्या वेळी घरातले दुसरे कोणीतरी तेच नेमके उचलेल आणि हाताला लागेल.

पेरणीपूर्वी बियाणे तपासतो, तशी एक संध्याकाळ पेटीसाठी काढा. घरातल्या मुलामुलींना जवळ बसवा. रॅचेट उघडायला आणि पुन्हा जोडायला त्यांना शिकवा. ज्या घरात हे येते, त्या घराचे काम एका नटासाठी तालुक्याच्या मेकॅनिकची वाट पाहत थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात पाहू या, कोपरे गोल झालेला नट आटे न बिघडवता कसा काढायचा.